इंग्रजीतला ‘सेंट’: अर्थ, छटा आणि नेमका वापर

मराठीत ‘सेंट’ म्हटलं की अंगावर फवारायची बाटली डोळ्यांपुढे येते, आणि तिथेच आपण अडकतो. इंग्रजी बातमीत ‘पोलीस आर ऑन द सेंट’ असं वाचलं की पोलिसांचा आणि सुगंधाचा संबंध लागत नाही. साबणाच्या वेष्टनावर ‘अनसेंटेड’ दिसलं की यात वासाचं काही नसणार असं आपण धरून चालतो, आणि तेही बरोबर नसतं. शब्दकोशातले अर्थ एकाखाली एक पाठ करून हा शब्द हाती येत नाही. त्याचं मूळ कळलं की मात्र बाकीचं पटापट उलगडतं. ते मूळ म्हणजे माग. कुणीतरी किंवा कशाने तरी मागे सोडलेली, नाकाला लागणारी खूण म्हणजे ‘सेंट’. पुढच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या, कारण पहिल्या दोन पक्क्या झाल्या की उरलेल्या सोप्या जातात.

पहिली पायरी: स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंग एस-सी-ई-एन-टी. यातला ‘सी’ मुका आहे. त्यामुळे ‘पाठवलं’ या अर्थाचा एस-ई-एन-टी, डॉलरचा शंभरावा भाग असलेला सी-ई-एन-टी आणि आपला शब्द, तिन्हींचा उच्चार हुबेहूब एक. ऐकताना कुठला कोणता, हे फक्त वाक्यावरून कळतं. संत या अर्थाचा शब्दही आपण मराठीत ‘सेंट’ असाच लिहितो, पण इंग्रजीत त्याचं स्पेलिंग एस-ए-आय-एन-टी आणि पूर्ण उच्चार ‘सेइन्ट’कडे झुकणारा.

हा मुका ‘सी’ मुळात उपरा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, आणि त्यामागे लॅटिन ‘सेंतिरे’, म्हणजे जाणवणं. तेव्हा स्पेलिंग एस-ई-एन-टी असंच होतं. सतराव्या शतकात मध्ये ‘सी’ घुसला, बहुधा ‘सायन्स’, ‘डिसेंट’ (उतरण या अर्थाचा) अशा शब्दांच्या संगतीने. ‘सायन्स’ सुरू होतो तसाच ‘सेंट’ सुरू होतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी स्पेलिंग चुकणार नाही. ‘सेन्स’, ‘सेंटिमेंट’, ‘कन्सेंट’ हे शब्द त्याच लॅटिन धातूवरून आलेले आहेत. म्हणजे या शब्दात वासाच्याही आधी जाणवणं आहे, आणि पाचव्या पायरीवर तेच कामाला येईल.

दुसरी पायरी: आधी माग, मग सुगंध

इंग्रजीत हा शब्द रुळला तो शिकाऱ्यांच्या बोलण्यातून. हरीण किंवा कोल्हा जिथून गेला तिथे गवतावर, मातीवर त्याचा वास राहतो आणि कुत्रा तो हुंगत पुढे सरकतो. त्या मागे राहिलेल्या वासाला ‘सेंट’ म्हणत. शिकारी कुत्र्यांचे गट आजही याच शब्दाने ओळखले जातात. बीगल, ब्लडहाउंड हे नाकाने माग काढणारे ‘सेंटहाउंड’, तर ग्रेहाउंड हा नजरेने सावज टिपून धावणारा ‘साइटहाउंड’.

या शब्दात मागाला किती वजन आहे ते ‘हेअर अँड हाउंड्स’ या जुन्या इंग्रजी खेळावरून कळतं. काही मुलं ससे व्हायची आणि कागदाचे कपटे टाकत पळायची. बाकीची कुत्री होऊन ते कपटे बघत त्यांच्या मागावर जायची. त्या कपट्यांनाही ‘सेंट’च म्हणत. कागदाला हुंगण्यासारखा वास नव्हता, पण तो माग होता, आणि शब्दाला तेवढं पुरलं. मला तर या शब्दाचा सगळ्यात बोलका वापर हाच वाटतो.

माणसालाही असा माग काढता येतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी हे करून पाहिलं. गवतावर चॉकलेटच्या अर्कात भिजवलेली १० मीटर दोरी पसरली, माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कान बंद केले, हातात जाड मोजे चढवले आणि त्यांना रांगत माग काढायला सांगितलं. सुमारे दोन-तृतीयांश लोकांना ते जमलं. कुत्र्यासारखेच तेही मागाच्या डावीकडून उजवीकडे नागमोडी जात होते, आणि सरावाने त्यांचा वेग वाढला. हा शोधनिबंध २००७ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्याच्या शीर्षकात या कृतीसाठी वापरलेला शब्द होता ‘सेंट-ट्रॅकिंग’. तिथे ‘फ्रॅग्रन्स-ट्रॅकिंग’ किंवा ‘अरोमा-ट्रॅकिंग’ म्हटलं असतं तर विचित्र वाटलं असतं.

तिसरी पायरी: नाम म्हणून वापर

रोजच्या इंग्रजीत ‘सेंट’ नाम म्हणून येतो तो बहुतेक वेळा हलक्या, हव्याशा वासासाठी. साचा ठरलेला आहे: आधी ‘अ’ किंवा ‘द’, मग विशेषण, मग ‘सेंट’, मग ‘ऑव्ह’ आणि शेवटी वासाचा उगम. ‘अ फेंट सेंट ऑव्ह लॅव्हेंडर’, म्हणजे लॅव्हेंडरचा पुसटसा सुवास. ‘द सेंट ऑव्ह रोझेस फिल्ड द रूम’, म्हणजे खोलीभर गुलाबांचा दरवळ पसरला. मराठीत उगम आधी येतो आणि वास नंतर, इंग्रजीत उलट. भाषांतर करताना घाईत ‘रोझेस सेंट’ असं काहीतरी होऊन बसतं, ते टाळा. ‘रोझ सेंट’ हाही प्रयोग आहे, पण तो सहसा साबणाचा किंवा मेणबत्तीचा प्रकार सांगताना होतो. खरी फुलं समोर असतील तर ‘द सेंट ऑव्ह रोझेस’.

नाम एकवचनात असेल तर ‘अ’ किंवा ‘द’ सहसा गाळू नका. वेगवेगळे वास मोजायचे असतील तर ‘सेंट्स’ असं अनेकवचन खुशाल करा. विशेषणं मात्र जपून निवडा. ‘फेंट’ म्हणजे पुसट, ‘डेलिकेट’ म्हणजे नाजूक, ‘हेडी’ म्हणजे डोकं धुंद करणारा, ‘लिंगरिंग’ म्हणजे बराच वेळ रेंगाळणारा, ‘मस्की’ म्हणजे कस्तुरीसारखा. ही या शब्दाशेजारी छान बसतात. ‘बॅड सेंट’ मात्र कानाला खटकतं. वाईट वासासाठी इंग्रजीकडे दुसरे भरपूर शब्द आहेत.

प्राण्यांच्या बाबतीत सुगंध-दुर्गंध हा हिशेबच नसतो. मांजर गाल घासून किंवा वाघ झाडावर फवारा मारून आपली खूण ठेवतो, ते ‘सेंट मार्किंग’. ज्या ग्रंथींतून तो स्राव येतो त्या ‘सेंट ग्लँड’. मुंग्यांची रांग ज्या अदृश्य वाटेने चालते ती ‘सेंट ट्रेल’. तिन्हीकडे पुन्हा खूण आणि माग.

आणि बाटली? ब्रिटनमध्ये बाटलीतल्या सुगंधी द्रव्यालाही ‘सेंट’ म्हणतात, पण त्याला जुन्या, उच्चभ्रू बोलीची छटा आहे. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस यांनी १९५४ मध्ये इंग्रज उच्चवर्गाच्या बोलीची लक्षणं टिपली. त्या चर्चेत ‘सेंट’ हा उच्चवर्गीयांचा शब्द ठरला आणि ‘परफ्युम’ इतरांचा. आज जगात कुठेही दुकानात गेलात तर ‘परफ्युम’ म्हणा. काउंटरवर ‘आय वॉन्ट अ सेंट’ म्हटलं तर समोरच्याला अर्थ कळेल, पण क्षणभर अडखळल्यासारखं होईल.

चौथी पायरी: आसपासच्या शब्दांतून नेमका शब्द उचला

खरी कसरत इथे आहे. मराठीत वास, सुवास, सुगंध, परिमळ, दरवळ, घमघमाट, दुर्गंधी यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजीतही असेच बारीक फरक आहेत आणि शब्द चुकला की वाक्य चूक ठरत नाही, पण सूर बिघडतो.

‘स्मेल’ हा सगळ्यांत साधा आणि सर्वसमावेशक. काय वापरावं सुचत नसेल तेव्हा हाच वापरा. एक मात्र सांभाळा: विशेषण न लावता एकटा सोडला की तो वाईटाकडे झुकतो. ‘देअर्स अ स्मेल इन हिअर’ म्हणजे इथे काहीतरी घाण वास येतोय. मराठीतही ‘भाजीला वास येतोय’ म्हटलं की ती उतरली असंच आपण समजतो, तेव्हा हे आपल्याला लगेच पटावं.

‘ओडर’ हा कागदोपत्री आणि शास्त्रीय लिखाणातला शब्द, बहुधा नकोशा वासासाठी. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये त्यात ‘यू’ असतो, अमेरिकनमध्ये नसतो. ‘डिओडरंट’मध्ये मात्र ब्रिटिशही ‘यू’ घालत नाहीत. ज्याला वास नाही तो वायू ‘ओडरलेस’. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास जवळपास नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन मिसळतात. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत गळालेल्या वायूचा भीषण स्फोट झाला आणि त्यानंतर तिथे हे मिसळणं कायद्याने बंधनकारक झालं. अशा द्रव्याला ‘ओडरंट’ म्हणतात. गळतीची शंका आली तर बोलायचं वाक्य मात्र साधं आहे: ‘आय कॅन स्मेल गॅस’. इथे ‘सेंट’ शोभत नाही.

‘अरोमा’ खाण्यापिण्याचा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ मसाल्याचा पदार्थ असा होता, आणि अजूनही तो ताजी कॉफी, भट्टीतून नुकताच निघालेला पाव, मसाले यांच्याजवळच रमतो. आपण जिथे ‘खमंग’ म्हणू तिथे बहुतेक वेळा ‘अरोमा’ चालतो.

‘फ्रॅग्रन्स’ म्हणजे सुगंध. नेहमी चांगल्या अर्थाने, जरा औपचारिक, फुलांना आणि सौंदर्यप्रसाधनांना शोभणारा. ‘परफ्युम’ मुख्यतः बाटलीतला. त्याचं मूळ ‘धुरातून’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे, कारण सुरुवातीला तो जाळलेल्या सुगंधी द्रव्यांच्या धुराचा शब्द होता. साहित्यिक इंग्रजीत फुलांच्या दाट सुवासालाही ‘परफ्युम’ म्हणतात.

‘स्टेंच’, ‘स्टिंक’ आणि ‘रीक’ हे तिन्ही दुर्गंधीचे. ‘स्टेंच’ सगळ्यांत जड, मळमळवणाऱ्या वासाला. एके काळी हा शब्द चांगल्या वासालाही चालत असे, आज चुकूनही वापरू नका. ‘व्हिफ’ म्हणजे ओझरता आलेला वास, झुळकेसरशी आला आणि गेला असा. कुबट वासाला ‘मस्टी’, खवट वासाला ‘रॅन्सिड’, नाकात शिरणाऱ्या उग्र वासाला ‘पंजंट’, जळका आणि घशाला झोंबणारा असेल तर ‘अ‍ॅक्रिड’. ही चार विशेषणं वेगळी लिहून ठेवा, फार उपयोगी आहेत.

या सगळ्यांत ‘सेंट’ कधी? माझी कसोटी अशी: वास पुसट आहे का, आणि तो कुठून येतोय याकडे मन ओढलं जातंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ‘सेंट’. पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास घ्या. आपला मृद्गंध. त्यासाठी इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ हा शब्द १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी घडवला. बोलताना मात्र बहुतेक जण ‘द सेंट ऑव्ह रेन’ किंवा ‘द स्मेल ऑव्ह रेन’ असंच म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर दोन्ही चालतात, पण पाऊस अजून दूर आहे आणि वाऱ्यावर नुसती त्याची चाहूल आली आहे, तेव्हा ‘सेंट’ जास्त जिवंत वाटतो.

पाचवी पायरी: क्रियापद म्हणून

इथे तीन अर्थ आहेत. पहिला, वासावरून ओळखणं, आणि हे सहसा प्राणी करतात: ‘द डॉग सेंटेड अ फॉक्स’. दुसरा, कुणकुण लागणं, चाहूल लागणं: ‘शी सेंटेड ट्रबल’, म्हणजे काहीतरी बिनसणार हे तिला आधीच जाणवलं. शब्दाच्या मुळाशी जाणवणं आहे असं म्हटलं ते हेच. खेळाच्या वर्णनात ‘दे सेंटेड व्हिक्टरी’ सर्रास ऐकू येतं, म्हणजे विजय आवाक्यात आल्याचं त्यांना जाणवलं. तिसरा, सुगंधित करणं: ‘रोझेस सेंटेड द एअर’, किंवा कर्मणी प्रयोगात ‘द ऑइल वॉज सेंटेड विथ लॅव्हेंडर’.

न चालणारे प्रयोगही बघून ठेवा. मुद्दाम नाकाशी फूल नेऊन वास घेतला तर ‘आय सेंटेड द फ्लॉवर’ म्हणू नका. त्याचा अर्थ फुलाला तुम्हीच सुगंध लावला असा होऊ शकतो. तिथे ‘आय स्मेल्ड द फ्लॉवर’. ‘द फ्लॉवर सेंट्स नाइस’ हेही चुकीचं, ‘स्मेल्स नाइस’ हवं. आणखी एक बारकावा: ‘स्मेल्स’च्या पुढे विशेषण येतं, म्हणून ‘स्मेल्स स्वीट’. ‘सेंटेड’च्या मागे मात्र क्रियाविशेषण चालतं, म्हणून ‘अ स्वीटली सेंटेड रोझ’. जोडशब्द केला तर ‘स्वीट-सेंटेड’.

सहावी पायरी: वाक्प्रचार

मागाचा अर्थ ध्यानात असेल तर हे पाठ करावे लागत नाहीत. ‘पिक अप द सेंट’ म्हणजे माग लागणं. ‘ऑन द सेंट’ म्हणजे मागावर असणं, आणि ‘हॉट ऑन द सेंट’ म्हणजे अगदी जवळ पोहोचणं. ‘लूज द सेंट’ म्हणजे माग सुटणं. वास जुना होऊन विरत गेला की ‘द सेंट हॅज गॉन कोल्ड’, तपास थंडावला की हेच म्हणतात. ‘अ फॉल्स सेंट’ म्हणजे खोटा माग.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो ‘थ्रो समवन ऑफ द सेंट’मध्ये. अर्थ सोपा आहे, एखाद्याची दिशाभूल करणं, सुगावा लागू न देणं. पण इथला ‘ऑफ’ दोन एफचा, मागावरून बाजूला सारणारा. ‘द सेंट ऑव्ह रोझेस’मधला ‘ऑव्ह’ एका एफचा. लिहिताना यांची अदलाबदल झाली तर वाक्य मोडतं. दिशाभुलीसाठी इंग्रजीत ‘रेड हेरिंग’ असाही प्रयोग आहे, आणि तोही याच रानातला. उग्र वासाची धुरी दिलेली मासळी वाटेवर ओढून शिकारी कुत्र्यांना खऱ्या मागावरून भरकटवल्याची गोष्ट पत्रकार विल्यम कॉबेट यांनी १८०७ मध्ये लिहिली आणि तिथून हा प्रयोग पसरला.

सातवी पायरी: वेष्टनावरचे शब्द

त्वचा नाजूक असेल किंवा वासाने डोकं दुखत असेल तर ही पायरी सोडू नका. ‘सेंटेड’ म्हणजे सुगंध घातलेलं. ‘अनसेंटेड’ म्हणजे वापरणाऱ्याला वास जाणवणार नाही असं. पण कच्च्या मालाचा वास झाकण्यासाठी त्यात वेगळी द्रव्यं घातलेली असू शकतात. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ म्हणजे सुगंधी द्रव्यं घातलेलीच नाहीत. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था हे दोन शब्द असेच वेगळे धरते. तेव्हा अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शोधावं, आणि तरीही मागची घटकांची यादी वाचावी.

त्या यादीत ‘सेंट’ हा शब्द सहसा सापडणार नाही. तिथे ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘पर्फम’ लिहिलेलं असतं, आणि त्या एका शब्दाआड अनेक द्रव्यं असू शकतात. युरोपीय संघात २००५ पासून अ‍ॅलर्जी करू शकणारी २६ सुगंधी द्रव्यं ठराविक प्रमाणाच्या वर असतील तर नावानिशी छापावी लागतात. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात हे प्रमाण ०.००१ टक्के, धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्के. २०२३ मध्ये ही यादी आणखी वाढवण्यात आली. ‘लिमोनीन’, ‘लिनालूल’ ही नावं त्यातलीच. ‘नॅचरल’ असं लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ही दोन्ही द्रव्यं वनस्पतींच्या तेलांत निसर्गतःच असतात.

आठवी पायरी: सराव

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढचं वाचा.

‘कॉफीच्या वासाने मला जाग आली.’ इथे ‘द स्मेल ऑव्ह कॉफी वोक मी’ साधं आणि नैसर्गिक. लेखात किंवा जाहिरातीत ‘अरोमा’ चालेल.

‘तिच्या शालीला अजून तिचा वास होता.’ ‘हर सेंट स्टिल क्लंग टू द शॉल.’ माणूस गेला आणि वास मागे उरला, म्हणून ‘सेंट’च हवा. इथे ‘स्मेल’ घातलं तर शाल धुवायला टाकावी असं वाटेल.

‘खोलीला रंगाचा वास येतोय.’ ‘द रूम स्मेल्स ऑव्ह पेंट.’ रंग तिथे खरोखर लावलेला आहे म्हणून ‘ऑव्ह’. नुसता रंगासारखा वास येत असेल तर ‘स्मेल्स लाइक पेंट’.

‘कपाट उघडताच कुबट वास आला.’ ‘अ मस्टी स्मेल केम फ्रॉम द कबर्ड.’

‘चोराने पोलिसांना चकवलं.’ ‘द थीफ थ्रू द पोलीस ऑफ द सेंट.’ दोन एफ तपासा.

‘पत्रकारांना प्रकरणाची कुणकुण लागली.’ ‘रिपोर्टर्स सेंटेड अ स्कँडल.’ हेच नामाने सांगायचं तर ‘रिपोर्टर्स गॉट अ व्हिफ ऑव्ह स्कँडल’ असंही म्हणता येतं, पण दोन्हींत फरक आहे. ‘व्हिफ’मध्ये फक्त ओझरतं कळलं. ‘सेंटेड’मध्ये ते कळलंय आणि आता ते त्याच्या मागे लागणार.